बहात्तर नंबरचा तुकडा

२०२१ च्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, कोरोना विषाणूचे सॅम्पल मशीनवर वाचायचा रन संपला होता आणि मी कव्हरेजचे ग्राफ, म्हणजे विषाणूच्या जीनोममधली कुठली जागा किती वेळा वाचली गेली ते, एकेक करून बघत बसले होते. सगळीकडे रेघ छान वर, आणि मध्येच एका ठिकाणी सरळ खाली, शून्यावर. एखाद्या सॅम्पलला असं होतं, त्याचं कुणी फार मनावर घेत नाही. पण इथे प्लेटवरच्या निम्म्याहून जास्त सॅम्पलना खड्डा होता आणि तोही अगदी एकाच जागी. मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी चुकलंय.

त्या खड्ड्याचं पुढे काय झालं ते लिहायचंय, पण त्याआधी आम्ही तिथे नेमकं काय करत होतो ते सांगते, कारण मला बरेच जण विचारतात की व्हेरियंट सापडतो म्हणजे काय, मायक्रोस्कोपमध्ये वेगळा दिसतो का.

तर या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, ही ए, सी, जी, टी अशा २९,९०३ अक्षरांची एक लांबलचक ओळ. पहिली ओळ जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी सगळ्या जगासाठी खुली केली आणि आजही बहुतेक सगळ्या लॅब आपलं सॅम्पल त्याच ओळीशी ताडून बघतात. विषाणू पसरत जातो तसं महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलतात, बहुतेक बदलांनी काहीच होत नाही, पण एखादा बदल असा असतो की पसरायचा वेग वाढतो किंवा अँटिबॉडी तिथे नीट चिकटत नाही. आता कुठला बदल कामाचा आणि कुठला नुसताच, हे एका लॅबला कधीच कळणार नाही. त्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणचे हजारो सॅम्पल, शक्यतो एकाच पद्धतीने वाचलेले आणि वेळेत वाचलेले लागतात. म्हणून तर कन्सोर्शियम, म्हणजे बऱ्याच लॅबनी मिळून केलेले गट, उभी राहिली. ब्रिटनमध्ये कॉग-यूके मार्च २०२० मध्येच सुरू झालं, भारतात इन्साकॉग डिसेंबर २०२० मध्ये दहा लॅब घेऊन, दक्षिण आफ्रिकेत तिथल्या लॅबचं नेटवर्क होतंच. अल्फा व्हेरियंटचं उदाहरण घ्या, तो डिसेंबर २०२० मध्ये लक्षात आला पण त्याचे सगळ्यात जुने सॅम्पल सप्टेंबरमधले निघाले, आणि ते निघाले कारण तेव्हा कुणीतरी काही खास संशय नसतानाही रोजच्या रोज सॅम्पल वाचत होतं.

मी अशाच एका कन्सोर्शियममधल्या एका सरकारी लॅबमध्ये काँट्रॅक्टवर होते. पैसा सगळा लोकांच्या करातला. जॉइन होताना जे कागद सही केले त्यात एक अट होती की सिक्वेन्स, म्हणजे वाचून मिळालेली अक्षरांची ओळ, तयार झाला की तो लवकरात लवकर गिसेडवर, म्हणजे जगभरच्या लॅब आपले सिक्वेन्स ठेवतात त्या डेटाबेसवर टाकायचा, स्वतःच्या पेपरसाठी दाबून ठेवायचा नाही, आणि पद्धत बदलली तर बाकीच्या लॅबना कळवायचं. तेव्हा मी ते भराभर वाचून सही केली होती. त्या अटीचं मोल नंतर कळलं.

काम कसं चालायचं ते सांगते. सॅम्पल यायचे कूल बॉक्समधून, छोट्या ट्यूबमध्ये, बरोबर फॉर्म. सीटी हा पीसीआर टेस्टमधला आकडा, तो जितका जास्त तितका विषाणू कमी. ज्यांचा सीटी तीसच्या खाली तेवढेच घ्यायचे, कारण त्याच्यावर विषाणू इतका कमी असतो की वाचून अर्धवटच मिळतो. विषाणूच्या आरएनएपासून आधी डीएनए बनवायचा आणि मग पीसीआर करून त्याचे तुकडे वाढवायचे, म्हणजे एकेका तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या. आम्ही आर्टिक नेटवर्क या शास्त्रज्ञांच्या गटाचा प्रायमर सेट वापरायचो, तिसरं व्हर्जन, त्यात अख्खा जीनोम ९८ तुकड्यांत पकडलेला असतो, एकेक तुकडा साधारण ४०० अक्षरांचा. कौलारू छपरावर कौलं कशी एकाची कड दुसऱ्यावर चढवून लावतात तसे हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, म्हणजे मध्ये फट राहत नाही. शेजारशेजारचे एकाच ट्यूबमध्ये टाकले तर गडबड होते म्हणून विषम नंबर एका ट्यूबमध्ये, सम नंबर दुसरीत. प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना दोन प्रायमर, डावा आणि उजवा. प्रायमर म्हणजे आपण बाहेरून टाकलेली पंचवीस-तीस अक्षरांची छोटीशी पट्टी, ती विषाणूच्या ओळीवर जाऊन बसली तरच तो तुकडा वाढतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

प्लेटच्या शेवटच्या खणात नुसतं पाणी घालायचं. त्या पाण्यात विषाणू सापडला तर अख्खी प्लेट संशयाखाली. दुसऱ्याच महिन्यात एकदा तसं झालं, दोन दिवसांचं काम फेकून दिलं, रडू आलं होतं खरंच, पण फेकलं.

आणि मेटाडेटा, म्हणजे सॅम्पलबरोबरची माहिती! याबद्दल कुणी बोलतच नाही. सिक्वेन्स कितीही सुंदर मिळू दे, सॅम्पल कधी घेतलं ती तारीख नसेल तर त्याचा उपयोग फार थोडा. व्हेरियंट वाढतोय की ओसरतोय हे तारखेवरूनच कळतं ना. आणि फॉर्मवर तारखेची जागा रिकामी, नाहीतर सॅम्पल लॅबला पोचल्याची तारीख घातलेली, नाहीतर ओल लागून शाई पसरलेली. मग मी रोज दुपारी कलेक्शन सेंटरना फोन लावायचे. एका सेंटरवर एक सिस्टर होत्या, त्यांना मी म्हणायचे, सिस्टर, तेवढी तारीख रजिस्टरमध्ये बघून सांगता का, त्या म्हणायच्या, थांबा हां, समोर रांग आहे, नंतर करते. ज्या दिवसांत त्यांच्याकडे उभं राहायला जागा नव्हती त्या दिवसांतही त्यांचा फोन आला नाही असं एकदाही झालं नाही. रात्री पावणेनऊला यायचा, मागून पीपीईची चरचर ऐकू यायची, आणि त्या सावकाश एकेक नंबर आणि तारीख वाचून दाखवायच्या. आमच्या लॅबने अपलोड केलेल्या कितीतरी सिक्वेन्सच्या तारखा म्हणजे त्या बाईंचा आवाज आहे माझ्यासाठी.

आता तो खड्डा. जागा होती साधारण २१,७४० पासून २१,९९० पर्यंत, म्हणजे स्पाइक जीनच्या, विषाणूवरचे काटे बनवणाऱ्या जीनच्या, सुरुवातीचाच भाग. तुकडा नंबर बहात्तर. जिथे पुरेसे रीड्स, म्हणजे मशीनने वाचलेले तुकडे, नसतात तिथे आपण ए, सी, जी, टी यातलं काहीच लिहू शकत नाही, तिथे एन लिहायचं, एन म्हणजे माहीत नाही. अडीचशे एन सलग. मी दुसऱ्या दिवशी प्रायमरची नवी ट्यूब काढून तेच सॅम्पल परत केले. तसंच. पिपेट तपासून घेतल्या, पीसीआरचं तापमान दोन डिग्रीने कमी करून बघितलं, तरी तसंच. तीन दिवस गेले, किट आधीच मोजून मापून यायचे त्यातले अर्धे या बहात्तरच्या पायी गेले, आणि मी कुणाशी धड बोलत नव्हते.

आमच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "अगं, खड्डा कुणाकुणाला येतोय ते मांडून बघितलंस का?" मी नव्हतं बघितलं. मी सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होते, सॅम्पलकडे नाही. मग बसून यादी केली, एका बाजूला खड्डा असलेले, दुसऱ्या बाजूला नसलेले, आणि पुढे प्रत्येकाची लिनिएज, म्हणजे तो विषाणू कुठल्या वंशशाखेतला ते. खड्डा असलेले सगळेच्या सगळे बी.१.६१७.२. तेव्हा त्याला डेल्टा नाव पडायचं होतं, ग्रीक अक्षरं जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे ला दिली.

दर शुक्रवारी सगळ्या लॅबचा कॉल असायचा. मी मॅडमना म्हणलं, अजून एकदा करून बघते, पक्कं झालं की पुढच्या आठवड्यात सांगू. त्या म्हणाल्या, "नाही, उद्याच सांग. अर्धवट आहे असंच सांग." मला ते नको होतं, खरं सांगते, कारण त्या कॉलवर मोठमोठे लोक असायचे आणि आपला डेटा खराब आहे हे आपणच उठून सांगायचं म्हणजे पोटात गोळा येतो. पण सांगितलं. स्क्रीन शेअर करून ग्राफ दाखवला, म्हणलं आमचा बहात्तर पडतोय, का ते कळलेलं नाही.

काही सेकंद शांतता. मग एका लॅबमधला डेटा बघणारा मुलगा अनम्यूट झाला, म्हणाला, "ताई, आमच्याकडे पण आहे हे. आम्हाला वाटलं आमचंच पीसीआर मशीन बिघडलंय, परवाच इंजिनिअरला बोलावलंय." म्हणजे ते लोकही आमच्यासारखेच गप्प बसून स्वतःला दोष देत होते. त्यानंतर तिसऱ्या लॅबमधल्या सरांनी सांगितलं की आमच्याकडे खड्डा बराच आहे, पण त्याच्या कडेला जे अक्षर स्पाइक प्रथिनातलं एकशे बेचाळीस नंबरचं अमिनो आम्ल ठरवतं तिथे आम्हाला एन येत नाही, तिथे जी येतंय, म्हणजे मूळ ओळीतलं अक्षर, बदल नाही. आमच्या स्वतःच्या लॅबमधल्या ज्या मोजक्या सॅम्पलना तो भाग नीट वाचता आला होता तिथे मात्र ए होतं, म्हणजे बदल झालेला.

एकच विषाणू आणि दोन उत्तरं. हे खड्ड्यापेक्षा वाईट होतं, कारण खड्डा दिसतो तरी.

मग ठरलं की आठ सॅम्पल तीन लॅबनी वाचायचे. कोड घालून, कुणाचं काय आलंय हे एकमेकांना न सांगता. एका लॅबकडे वेगळा प्रायमर सेट होता, १,२०० अक्षरांचे लांब तुकडे करणारा, त्याचे प्रायमर वेगळ्या जागी बसायचे. पुढच्या कॉलला तिघांनी एकदम शीट उघडल्या. आमच्याकडे एन. सरांच्या लॅबमध्ये जी. आणि लांब तुकड्यांवाल्या लॅबमध्ये आठच्या आठ सॅम्पलना ए, भरपूर रीड्स, काही शंकाच नाही.

कारण असं निघालं. डेल्टाच्या स्पाइकमध्ये एकशे छप्पन-सत्तावन नंबरच्या अमिनो आम्लांच्या आसपास सहा अक्षरं गळून गेलेली आहेत, आणि नेमकी तीच जागा बहात्तर नंबरच्या उजव्या प्रायमरची. प्रायमरला बसायलाच जागा नाही तर तुकडा वाढणार कसा. प्रायमर बनवणाऱ्यांची यात काही चूक नव्हती, तो सेट २०२० च्या सुरुवातीचा, डेल्टा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. आणि ते फसवं जी कुठून आलं? शेजारच्या त्र्याहत्तर नंबरच्या तुकड्याचा डावा प्रायमर एकशे बेचाळीसच्या बरोबर वरून जातो. तो प्रायमर मूळ ओळीवरून बनवलेला, त्यामुळे त्यात जी आहे. विश्लेषण करताना प्रत्येक रीडच्या टोकाचा प्रायमर कापून टाकायचा असतो, तो नीट कापला गेला नाही की प्रायमरचंच अक्षर विषाणूचं म्हणून छापलं जातं. म्हणजे आपणच टाकलेलं अक्षर आपणच वाचत होतो आणि त्याला विषाणू म्हणत होतो!

हे फक्त आमच्या कन्सोर्शियमपुरतं नव्हतं. जगभरच्या डेल्टाच्या सिक्वेन्समध्ये एकशे बेचाळीस आणि पंच्याण्णव या दोन जागा अशाच लपाछपी खेळत होत्या, कुठे बदल आहे कुठे नाही. काहींना वाटलं हा बदल पुन्हा पुन्हा येतोय आणि जातोय, आणि काहींना त्याचा विषाणूच्या प्रमाणाशीही संबंध दिसला, ज्यांच्या नाकात विषाणू जास्त त्यांच्यात हा बदल जास्त. तो संबंध दिसायचं कारण इतकंच की विषाणू भरपूर असला तर कमकुवत प्रायमरनेही थोडा तुकडा वाढतो आणि खरं अक्षर दिसतं, कमी असला तर दिसत नाही. पुढे याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी हे सगळं व्यवस्थित मांडून प्रसिद्ध केलं, की हा बदल डेल्टाचा कायमचाच आहे, येणंजाणं हा वाचण्यातला दोष. ते वाचलं तेव्हा फार बरं वाटलं.

एका अक्षराने असा काय फरक पडतो असं कुणी विचारलं तर मी त्या फोनबद्दल सांगते. आमच्या कन्सोर्शियममध्ये एक लॅब होती जी आमच्या सिक्वेन्सवरून स्यूडोव्हायरस बनवायची, म्हणजे निरुपद्रवी विषाणूवर नव्या व्हेरियंटचा स्पाइक चढवायचा आणि लस घेतलेल्या लोकांचं सीरम पातळ पातळ करत नेऊन बघायचं की कुठल्या पातळीपर्यंत ते त्याला अडवतं. तिथली एक मुलगी, माझ्यापेक्षा लहान, कॉल संपल्यावर लगेच फोनवर. "ताई, स्पाइकची ऑर्डर उद्या जातीये. एकशे बेचाळीसला नक्की काय धरू?" तो भाग साधासुधा नाही, स्पाइकच्या त्या टोकाला अँटिबॉडी चिकटतात. तिने मूळ अक्षर धरलं असतं तर त्या स्पाइकवर कित्येक आठवडे प्रयोग झाले असते, आकडे आले असते, ते आकडे पुढे निर्णय घेणाऱ्यांपर्यंत गेले असते, आणि तो स्पाइक जगात कुणाच्याच शरीरात नव्हता. मी तिला म्हणलं, एक आठवडा थांबशील? ती थांबली. आठ सॅम्पलचं उत्तर आलं तेव्हा पहिला मेसेज मी तिलाच केला, एकच अक्षर.

जून २०२१ मध्ये आर्टिकचं चौथं व्हर्जन आलं, प्रायमरच्या जागा बदललेल्या. त्याचे सगळे सिक्वेन्स खुले, कुणीही कुठेही बनवून घ्यावेत. मोबदला द्यायचा नाही, परवानगी घ्यायची नाही. आम्ही ऑर्डर टाकली, येईपर्यंत तिथे प्रामाणिकपणे एन लिहीत राहिलो, आणि नवा सेट आल्यावर पहिल्याच रनला बहात्तरची जागा भरलेली दिसली तेव्हा मी मॅडमना उठवून आणलं खुर्चीतून.

मग राहिलं ते मागचं. आधी अपलोड केलेले डेल्टाचे सिक्वेन्स परत तपासायचे, फ्रीजरमध्ये सॅम्पल शिल्लक असेल तर नव्याने वाचायचं, नसेल तर चुकीचं अक्षर काढून एन घालायचं, आणि गिसेडवर प्रत्येक नोंद सुधारायची. हे काम कित्येक आठवडे चाललं. यातून पेपर निघत नाही, कुणी पाठ थोपटत नाही, आणि एखाद्या कंपनीने मागच्या नोंदी दुरुस्त करायला दोन माणसांचा दोन महिन्यांचा पगार दिला असता असं मला वाटत नाही. आम्हाला तो मिळाला, लोकांच्या पैशातून, आणि माझं ठाम मत आहे की त्या प्रोजेक्टमधला तो सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा होता. सिस्टरनी रात्री पावणेनऊला सांगितलेल्या तारखेपुढे मी चुकीचा सिक्वेन्स ठेवून देणार होते का? मला ते जमलं नसतं.

एक गोष्ट आम्ही कायमची बदलली. रनशीटमध्ये एक नवा कॉलम घातला, "कुठले तुकडे पडले". आधी आम्ही चांगल्या रनचीच शीट ग्रुपवर टाकायचो, आता प्रत्येक रनची टाकायची, खराब असली तरी. हळूहळू बाकीच्या लॅबनीही तो कॉलम घातला, आणि शुक्रवारच्या कॉलची सुरुवातच त्याने व्हायला लागली. नवीन आलेल्या मुलांना सुरुवातीला लाज वाटायची त्यात काही भरायला, मी त्यांना शेजारी बसवून पहिली नोंद करून घ्यायचे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला. बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी तो ओळखला, २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं, २६ ला त्याला नाव मिळालं. स्पाइकमध्येच तीसच्या वर बदल. त्यांनी इतक्या लवकर आणि इतकं उघडपणे सांगितलं आणि बदल्यात त्यांच्याच देशांची विमानं बंद केली गेली, याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. ज्याने आधी सांगितलं त्यालाच शिक्षा झाली तर पुढच्या वेळी सांगायला कोण येणार?

आमच्याकडे पहिले ओमिक्रॉनचे सॅम्पल आले त्या रात्रीही मीच ग्राफ बघत होते. एवढे बदल म्हणजे चौथ्या व्हर्जनचेही काही प्रायमर चुकणार हे गृहीतच धरलं होतं आणि तसंच झालं, स्पाइकमध्ये एक सोडून तीन खड्डे. या वेळी मी पिपेट तपासायला गेले नाही. सॅम्पलची लिनिएज लावून यादी केली, कॉलममध्ये तिन्ही तुकड्यांचे नंबर भरले, पुढे लिहिलं, एकदाच केलंय, कारण अजून कळलेलं नाही, आणि शीट ग्रुपवर टाकली. अकरा वाजले होते. मी लॅबचे दिवे बंद करेपर्यंत दोन लॅबची उत्तरं आली होती, त्यातल्या एकीत तेच तीन नंबर होते.